ब्लॉक तर केलं, पण डोक्यातून जातच नाहीत

पत्र थोडक्यात असं आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई कुंडीतल्या झाडांची आवड असलेल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये चार वर्षं आहेत. मूळ ग्रुप फेसबुकवर, आणि त्यातल्याच साठेक जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे एक ज्येष्ठ सदस्य आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. माहिती दांडगी, बोलणं तिखट. दोन महिन्यांपूर्वी ताईंनी पोस्ट टाकली की पाण्याचा निचरा नीट व्हावा म्हणून मी कुंडीच्या तळाला खड्यांचा थर देते, तुम्हीही देऊन बघा. काकांनी खाली लिहिलं, 'हे चूक आहे. माहिती नसताना दुसऱ्यांना शिकवायला जाऊ नये.' ताईंनी भलंमोठं उत्तर लिहिलं, त्यात काकांचे जुने हिशेबही काढले, आणि लगेच दोन्हीकडे त्यांना ब्लॉक केलं. आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. कोणी म्हणतं बरं केलंत, कोणी म्हणतं वयाचा तरी मान ठेवायचा, एकाने तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी म्हटलं. ॲडमिन खाजगीत 'अनब्लॉक करा' म्हणून मागे लागल्यात. एक मैत्रीण काका काय काय लिहितात त्याचे स्क्रीनशॉट पाठवत असते. ताईंचे प्रश्न असे, की ब्लॉक करणं असभ्य आहे का, करण्याआधी सांगायला हवं होतं का, नुसतं दुर्लक्ष केलं असतं तर जास्त बरं दिसलं असतं का, आणि आता माघार घेतली तर हसं होईल का.

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी सरळ तुमच्या बाजूची होते, कारण 'माहिती नसताना शिकवायला जाऊ नये' असं कोणी मला भर ग्रुपमध्ये सुनावलं असतं तर माझंही डोकं फिरलं असतं, आणि मी काही दोन महिने थांबून पत्रबित्र लिहीत बसले नसते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी अडले. तुम्ही लिहिलंयत, 'त्यांचं उत्तर यायच्या आत मी ब्लॉक करून टाकलं.'

हे जे 'यायच्या आत' आहे ना, सगळी मेख तिथे आहे असं मला वाटतं.

कारण बघा, फेसबुकवर ब्लॉक केलं की ते तुम्हाला दिसेनासे होतात तसे तुम्हीही त्यांना दिसेनासे होता. म्हणजे तुम्ही तासभर खपून जे उत्तर लिहिलंत ते अख्ख्या ग्रुपने वाचलं, लाइक केलं, खाली खिदळून घेतलं, आणि ज्यांना उद्देशून लिहिलं त्या एकट्या माणसाला ते वाचता आलं नाही. त्यांना ते कळलं असणार कोणाच्या तरी तोंडून, तेही तिखटमीठ लावून. तर तुम्ही विचारताय ब्लॉक करणं असभ्य होतं का, माझ्या मते ब्लॉक नव्हतं, उत्तर टाकून मग ब्लॉक, हा जो क्रम झाला तो असभ्य होता. नुसतं ब्लॉक केलं असतंत तर मी म्हटलं असतं उत्तम, झोपा शांत. नुसतं उत्तर दिलं असतंत तर म्हटलं असतं ठीक आहे, भांडण झालं, होतात भांडणं. पण आपण मनसोक्त बोलून घ्यायचं आणि मग समोरच्याच्या तोंडावर हात ठेवायचा, असं दोन्ही एकदम नाही चालत हो. रागावू नका, हे मीही केलेलं आहे, आणि त्या दिवशी जे काही जिंकल्यासारखं वाटलं होतं ते संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं. ही खोड तशी सगळीकडचीच. रेडिट या चर्चांच्या साइटने २०२२ मध्ये ब्लॉकचे नियम बदलले, ब्लॉक केलेल्याला तुमच्या लिखाणाखाली काही लिहिताच येईना, तर लोकांनी त्याचाच उपयोग सुरू केला, एक सणसणीत वाक्य टाकायचं आणि समोरच्याला लगेच ब्लॉक, की बघणाऱ्याला वाटावं याच्याकडे उत्तरच नव्हतं.

आता जरा नाजूक गोष्ट. खड्यांच्या बाबतीत काका बरोबर आहेत.

मीही वर्षानुवर्षं तळाला खडे टाकत होते, सगळेच टाकतात, आणि ऐकायला ते इतकं पटतं की खाली मोकळी जागा असेल तर पाणी खाली जाईल. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहजी उतरत नाही, वरची माती गच्च भिजेपर्यंत ते मातीतच धरून राहतं, त्यामुळे जी ओलीचिंब पट्टी कुंडीच्या अगदी तळाशी राहिली असती ती खड्यांच्या उंचीइतकी वर सरकते, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा होतो तो खालच्या भोकामुळे आणि भुसभुशीत मातीमुळे. हे मी काकांची वकिली म्हणून सांगत नाहीये. सांगतेय अशासाठी की काका चुकले असते तर तुम्ही कदाचित हसून सोडून दिलं असतंत, आणि इतकं झोंबलं त्यात थोडा वाटा ते बरोबर असल्याचाही असेल का, हे तुम्हीच एकदा बघा. मी नाही ठरवणार. माणूस त्रास देतोय की माणसाचं म्हणणं, हे दोन त्या क्षणी वेगळे दिसतच नाहीत, सगळं एकच गरम गोळा असतो पोटात. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय की एखाद्याचं एकच वाक्य लागलं असेल तर रात्र जाऊ द्यायची. सकाळी उठल्यावर वाक्य आठवतं की माणूस आठवतो त्यावरून कळतं.

तुमच्या बाबतीत माणूस आठवायला कारणं आहेत, ते मान्य. तुम्ही लिहिलंयत की एक नवीन मुलगी आली होती, पानं पिवळी का पडतायत एवढाच साधा प्रश्न, आणि काकांनी तिला 'आधी जुन्या पोस्टी वाचा, इथे कोणी रिकामटेकडं नाही' असं ऐकवल्यावर ती परत कधी दिसली नाही. पिवळी पानं पाणी जास्त झाल्यानेही होतात आणि कमी पडल्यानेही, जुन्या पोस्टी वाचून त्या मुलीला काय कप्पाळ कळणार होतं? म्हणजे सूर वाईट आहे, वारंवार वाईट आहे, आणि तो तुमच्यापुरता नाही. एवढं कारण ब्लॉक करायला पुरेसं आहे. खरं तर याहून कितीतरी कमी कारणही पुरतं, कारणच लागत नाही म्हणा ना. आपला वेळ आणि आपलं लक्ष कोणाला द्यायचं हे ठरवायला कोणाची सही लागत नाही, आणि 'मला यांचं वाचून दिवस खराब जातो' हे सगळ्यात प्रामाणिक कारण आहे.

पण गंमत बघा, तुमच्या पत्रातला प्रत्येक माणूस ब्लॉककडे कोर्टाच्या निकालासारखं बघतोय. बरं केलंत म्हणणारे, मान ठेवा म्हणणारे, ॲडमिन, सगळेच. तुम्हीसुद्धा! 'माघार' आणि 'हसं' हे शब्द तुमचेच आहेत. ब्लॉक म्हणजे शिक्षा, शिक्षा दिली म्हणजे गुन्हा सिद्ध व्हायला हवा, आणि अनब्लॉक केलं म्हणजे शिक्षा चुकीची होती, अशी एक साखळी सगळ्यांच्या डोक्यात बसलीये, आणि त्यामुळे एक साधं बटण दाबायला किंवा उलटं दाबायला एवढी प्रतिष्ठा पणाला लागते.

हे काही आजचं नाही म्हणा. इंटरनेट घराघरात यायच्या कितीतरी आधी, १९८० च्या सुमाराला, यूजनेट नावाचा चर्चांचा पसारा सुरू झाला होता. तिथलं लिखाण वाचण्यासाठी लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये आरएन नावाचा प्रोग्रॅम लिहिला, त्यात 'किल फाइल' होती, म्हणजे नको त्या माणसाचं किंवा नको त्या विषयाचं नाव त्या फाइलीत घातलं की ते परत दिसायचं नाही. समोरच्याला काही कळायचं नाही, त्याचं लिखाण बाकीच्यांना दिसत राहायचं. केवढी समंजस सोय! आणि लोकांनी काय केलं, तर तीही गाजावाजा करून वापरली. एखाद्याला फाइलीत घातलं की खाली जाहीर लिहायचे, 'प्लॉंक'. म्हणजे तो माणूस डब्याच्या तळाशी जाऊन आदळल्याचा आवाज! तर माणूस चाळीस वर्षांपूर्वी जेवढा पोरकट होता तेवढाच आजही आहे.

त्यावरून तुमचा दुसरा प्रश्न, सांगायला हवं होतं का. जाहीर सांगायचं तर नाहीच. 'अमुक यांना मी आजपासून ब्लॉक करत आहे, कृपया नोंद घ्यावी' असल्या पोस्टी मला फार विनोदी वाटतात, ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच नावाची पोस्ट. अनोळखी माणसाला खाजगीतही सांगायची गरज नाही, गुपचूप करा आणि विसरा. पण ज्या माणसाशी आपलं काही नातं आहे, चार वर्षं बोलणं आहे, एकत्र काही काम केलंय, त्याला आधी एकदा खाजगीत सांगून बघावं असं मला वाटतं, तो हक्कदार आहे म्हणून नव्हे, कधीकधी त्याला खरंच माहीत नसतं म्हणून. पत्रात तुम्ही लिहिलंयत 'काका कोणाचं ऐकत नाहीत', पण तुम्ही त्यांना कधी सांगितलंत असं काही मला सापडलं नाही. सांगितलं होतंत का? एकदा तरी? 'काका, तुमची माहिती मला हवी असते पण तुम्ही असं सगळ्यांसमोर झापलं की मला परत लिहावंसं वाटत नाही', एवढंच?

हे विचारतेय कारण मी उलट्या बाजूलाही उभी राहिलेय. एका ग्रुपमध्ये एक बाई फार सुंदर लिहायच्या, मी त्यांचं सगळं वाचायचे, आणि एके दिवशी त्यांची पोस्ट शोधायला गेले तर नावच सापडेना. आधी वाटलं ग्रुप सोडला. मग दुसरीने त्यांच्या पोस्टचा उल्लेख केला तेव्हा ट्यूब पेटली. ताई, मी आठवडाभर हैराण होते. मी काय केलं? मी तर कायम कौतुकच करायचे! शेवटी न राहवून माझ्याच जुन्या कमेंटी वाचत बसले (कारण कोणाला मध्यस्थ घालून 'का हो त्यांनी मला ब्लॉक केलं' असं विचारायला जाऊ नये, तेवढं कळत होतं), आणि बघते तर जवळजवळ प्रत्येक कमेंटची सुरुवात 'छान लिहिलंय, पण'. छान, पण. सुंदर, फक्त. मस्तच, एक सुचवू का. तेवीस कमेंटी मोजल्या मी, त्यातल्या एकोणीस अशा. माझ्या लेखी ती चर्चा होती. त्यांच्या लेखी ती दारात रोज येऊन उभी राहणारी परीक्षक बाई होती. त्यांनी मला न सांगता ब्लॉक केलं याचा राग नाही, पण सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते, खरंच, आणि अजून त्यांचं वाचत असते.

अभिव्यक्तिस्वातंत्र्यवाल्यांचं पटकन उरकते. बोलायचं स्वातंत्र्य असतं, ऐकणारा पुरवण्याची हमी कोणी देत नाही. काका आजही त्या ग्रुपमध्ये लिहितायत, लोक वाचतायत, तुम्ही फक्त उठून गेलात. हा आक्षेप जिथे खरा लागू पडतो ती जागा वेगळी, म्हणजे सत्तेच्या पदावरचा माणूस जेव्हा कामकाजाच्या अकाउंटवरून टीकाकारांना ब्लॉक करतो. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प पहिल्यांदा अध्यक्ष असताना त्यांनी ट्विटरवर लोकांना ब्लॉक केलं त्यावरून खटला झाला, २०१८ मध्ये कोर्टाने ते घटनाविरोधी ठरवलं, २०१९ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच म्हटलं, पुढे २०२१ मध्ये ते पदावर नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल करून प्रकरण मिटवलं. २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने कसोटी सांगितली की त्या अधिकाऱ्याला सरकारच्या वतीने बोलायचा खरोखर अधिकार होता का आणि त्या पोस्टमध्ये तो अधिकार वापरत असल्याचं त्याने दाखवलं होतं का, हे बघायचं. तुम्ही कुंडीत झाडं लावता. तुम्हाला यातलं काही लागू नाही. लहान प्रमाणात लागू होतं ते तुमच्या ॲडमिनना, ॲडमिन असताना सदस्याला ब्लॉक करून बसलं तर त्याच्या तक्रारी कोण वाचणार, म्हणून ॲडमिनने एखाद्याशी पटत नसेल तर त्याचं काम दुसऱ्या ॲडमिनकडे द्यावं.

आता दुर्लक्ष. तुम्हाला वाटतंय की ब्लॉक म्हणजे कठोर आणि दुर्लक्ष म्हणजे सौम्य. मला इतकं सरळ नाही वाटत.

किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, माणसाला डावललं की त्याचं काय होतं हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग छापला, इंटरनेटवरून ६२ देशांतले १,४८६ लोक त्यात होते. स्क्रीनवर एक साधा खेळ, तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतायत, तुम्ही त्यातले एक. बाकीचे दोघं म्हणजे खरं तर प्रोग्रॅमच. काही जणांना सुरुवातीला चेंडू मिळायचा आणि मग मिळणंच बंद, ते दोघं आपापसात खेळत राहायचे. बस, एवढंच. कोणी शिवी दिली नाही, कोणी हसलं नाही, ओळखपाळख नाही, तरी लोकांना वाईट वाटलं, आपण कोणी नाही असं वाटलं. पुढे २००४ मध्ये त्यांच्याच चमूने दाखवलं की समोर माणूस नाही, कॉम्प्युटर आहे हे आधी सांगितलं तरी लागतंच. मला हे वाचून हसू आलं होतं आणि मग हसू गेलं, कारण एखाद्या ग्रुपमध्ये ज्याच्या 'सुप्रभात'लाही कोणी उत्तर देत नाही असा एक माणूस असतोच, आणि आपण त्याच्यावरून पुढे स्क्रोल करत असतो.

तर तुमच्या एकटीच्या दुर्लक्षाने काकांना काही होणार नाही, साठ जणांतली एक बाई बोलत नाही, त्यात काय. पण तुम्ही पुढे लिहिलंयत की 'आम्ही आठ-दहा जणींनी ठरवलंय, त्यांच्या कुठल्याच पोस्टला रिप्लाय द्यायचा नाही.' हे मात्र मला नाही आवडलं. याला दुर्लक्ष म्हणत नाहीत, याला वाळीत टाकणं म्हणतात. ब्लॉक हा तुमचा आणि काकांचा मामला होता, ही मोहीम आहे. त्या आठ-दहा जणींतल्या कितींना काकांनी खरंच दुखावलंय आणि किती जणी तुमच्याकडे बघून गप्प बसल्यात? ते आजच मोडा. फार काही करायचं नाही, 'माझं मी बघते, तुम्ही तुमचं बघा' एवढा एक मेसेज त्या जणींना.

ब्लॉक करण्याआधी थोडं तांत्रिकही कळलेलं बरं, कारण बटण एकच असलं तरी प्रत्येक ठिकाणी ते वेगळं वागतं. व्हॉट्सॲपवर तुम्ही काकांना ब्लॉक केलंत म्हणजे त्यांचे खाजगी मेसेज आणि फोन बंद, तुमचं स्टेटस आणि लास्ट सीन त्यांना दिसणं बंद, पण दोघांच्या ग्रुपमध्ये ते लिहितील ते तुम्हाला दिसणार आणि तुम्ही लिहाल ते त्यांना. म्हणजे तुम्हाला जिथे त्रास होता तिथे काहीच फरक पडला नाही, आणि मला वाटतं तुम्हाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मोगऱ्याचा फोटो दिसला तेव्हा कळलं असेल. फेसबुकवर उलट, तिथे ते पार गायब, आणि त्याचा घोटाळा तुम्ही स्वतःच लिहिलाय, पानांवर पांढऱ्या कापसासारखी कीड पडलीये म्हणून कोणीतरी विचारलं, तुम्ही आवडीने लांबलचक उत्तर दिलंत, आणि खाली लोक लिहायला लागले की हेच तर काकांनी वर सांगितलंय, मुद्दाम केलंत का. मुद्दाम कसलं, तुम्हाला ते दिसतच नव्हतं. अर्धं संभाषण गाळून बसलेल्या माणसाचं असंच होतं, त्यामुळे ब्लॉक ठेवायचा असेल तर फेसबुकवर 'वर कोणी सांगितलं असेल तर माफ करा' असं एक वाक्य जोडत चला, कंटाळवाणं आहे पण वाचवतं.

व्हॉट्सॲप ग्रुपच नकोसा होत असेल तर तो म्यूट करा, आठ तास, आठवडा किंवा कायमचा, आणि आर्काइव्हमध्ये टाका. सोडायचाच असेल तर २०२२ पासून तुम्ही बाहेर पडल्याची सूचना सगळ्यांना जात नाही, फक्त ॲडमिनना जाते, मात्र गेल्या ६० दिवसांत कोण कोण गेलं ही यादी ग्रुपच्या माहितीत कोणीही उघडून बघू शकतं, म्हणजे अगदी पावलांचा आवाज न करता नाही जाता येत. माझं मत विचाराल तर अशा तिखट पण जाणत्या माणसासाठी ब्लॉकपेक्षा डोळ्यांनी नाव बघून अंगठा पुढे सरकवणं सगळ्यात बरं, पण ते जमायला सराव लागतो आणि ज्या दिवशी आपली झोप झालेली नसते त्या दिवशी अजिबात जमत नाही.

हे सगळं मी बोलतेय ते तिखट माणसांबद्दल. ज्या वाचकांना धमक्या येतायत, घाणेरडे मेसेज येतायत, कोणी पत्ता किंवा फोटो पसरवायची भाषा करतंय, त्यांनी वरचं एक अक्षर मनावर घेऊ नये. तिथे खाजगीत समजावणं नाही, रात्र जाऊ देणं नाही. आधी स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि तारीख दिसेल असे, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, आणि गरज असेल तर पोलीस. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या व्यक्तीकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि त्या व्यक्तीला रिपोर्ट केल्याचं कळवलं जात नाही, त्यामुळे घाबरून थांबू नका. आणि ज्यांना कोणीतरी ब्लॉक केलंय त्यांनी दुसरं अकाउंट काढून डोकावायला जाऊ नये. बस्स.

परत तुमच्याकडे. मैत्रिणीच्या स्क्रीनशॉटचं काय करायचं? तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला विचाराल तर पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. तुम्ही काकांना ब्लॉक केलं आणि तेव्हापासून त्यांचं लिखाण आधीपेक्षा जास्त वाचताय, कारण आधी ते झाडांबद्दल लिहायचे तेही दिसायचं, आता मैत्रीण निवडून निवडून फक्त टोचणारं तेवढं पाठवते. तिचा हेतू चांगला असेल, पण काका दिवसातून दहा वेळा लिहीत असतील त्यातलं एक तुमच्यापर्यंत येतं आणि ते सगळ्यात वाईट असतं. तिला सांगा, 'नको पाठवूस.' ती म्हणेल अगं पण हे तरी बघ. त्या 'हे तरी बघ'ला नाही म्हणणं हा खरा ब्लॉक. तो तुम्ही अजून केलेलाच नाहीये.

ॲडमिनना सांगा की कोणाला ब्लॉक ठेवायचं हा माझा प्रश्न, पण नवीन लोकांशी कसं बोलायचं हा ग्रुपचा प्रश्न, तर तुम्ही मला अनब्लॉक करायला सांगण्याऐवजी काकांना त्या पिवळ्या पानांवाल्या मुलीबद्दल काही बोललात का? हे जरा गोड शब्दांत. ॲडमिनना तुमच्या दोघांची दिलजमाई सोपी वाटते कारण त्यात त्यांना काकांना काही बोलावं लागत नाही.

आणि अनब्लॉक करायचं की नाही, ते मी सांगणार नाही, दोन्ही चालेल. नाही केलंत तर ते मोठं उत्तर तेवढं काढून टाका, कारण ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याबद्दल ते तिथे लटकत ठेवणं बरोबर नाही. केलंत तर लक्षात ठेवा की फेसबुकवर एकदा अनब्लॉक केलं की त्याच माणसाला परत ब्लॉक करायला ४८ तास थांबावं लागतं, आणि आधीची फ्रेंडलिस्ट आपोआप जुळत नाही, म्हणजे रागाच्या भरात उघड-बंद, उघड-बंद करायची सोय नाही, जे चांगलंच आहे. दोन दिवस मोकळे आहेत, अंगात त्राण आहे, असं बघून करा. आणि ग्रुपवर नको, त्यांना खाजगीत लिहा. मी असं काहीतरी लिहिलं असतं:

'काका, त्या दिवशी मी उत्तर दिलं आणि तुम्हाला बोलायची संधी न देता ब्लॉक केलं, ते चुकलं, ते उत्तर मी काढून टाकलंय. खड्यांचं तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण तुम्ही ते ज्या पद्धतीने म्हणालात ते मला लागलं, आणि परत तसं झालं तर मी परत दूर होईन, या वेळी न भांडता.'

यावर ते काय म्हणतील सांगता येत नाही. कदाचित 'ठीक' एवढंच. कदाचित निचऱ्यावर दोन पानं येतील, तशा माणसांना माफी मागता येत नाही पण माहिती देता येते. आली तर वाचा.

बाय द वे, एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाहीत. ते खडे काढलेत का?